पंप धुतल्याशिवाय

‘हा पॅच आहे की उकिरडा? फंक्शन एवढं लांब, की खाली पोचेपर्यंत वरचं विसरायला होतं. तोडा आणि पुन्हा पाठवा.’

योगराजचं उत्तर इंग्रजीत होतं आणि नेहमीसारखं अख्ख्या जगाला दिसणाऱ्या मेलिंग लिस्टवर होतं. धुळ्याच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून चारुलतानं ते वाचलं आणि लॅपटॉप असा आपटून मिटला की सासूच्या, बेबाबाईंच्या, हातातलं वांगं खाली पडलं.

“काय झायं वं? फिरी तोच का?”

“तोच. अमळनेरचा बृहस्पती.”

चारुलता ज्या कंपनीसाठी कंत्राटावर कोड लिहायची, त्याच कंपनीसाठी योगराज अमळनेरला घरी बसून तो तपासायचा. कोड कर्नलचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याचा. त्याला हजारो लोकांचे हात लागतात, तेव्हा कंस कुठे, जागा किती, नावं कशी याची शिस्त हवीच. चारुलतालाही ते मान्य होतं. पण काही माणसं शिस्त वापरतात ती दुसऱ्याचा पाणउतारा करायला, आणि लोक त्यांना उगाच काटेकोर म्हणतात. योगराज त्यातला. त्याच्या उत्तरांत ‘कृपया’ हा शब्द कोणी पाहिला नव्हता.

तिचा पॅच म्हणजे साधी दुरुस्ती नव्हती. प्रोसेसरमध्ये एका प्रोग्रामची माहिती मागे उरायची आणि दुसऱ्याला ती चोरून वाचता यायची. बेबाबाईंना तिनं फवारणीच्या पंपाचं उदाहरण दिलं होतं. तणनाशक मारलेला पंप न धुता कपाशीवर नेला की कपाशी जळते. तसं प्रोग्राम बदलताना आतलं सगळं धुऊन काढायचं. शुक्रवारी दुपारपर्यंत पॅच स्वीकारला गेला तरच तिचं कंत्राट वाढणार होतं.

तिनं सरळ फोन लावला. “सर, भोक उघडं आहे आणि तुम्ही कंस मोजताय?”

“भोक तुम्ही बुजवा बाई, कंस मी बघतो. असली घाण माझ्या नावाखाली जाणार नाही.”

रागारागात तिनं फंक्शनचे, त्या लांबलचक कोडचे, दोन तुकडे केले. मांडणीच तर बदलली, म्हणून चाचणी पुन्हा लावली नाही. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं, ‘ठीक.’ खाली पॅच तपासल्याची नोंद आणि योगराजचं नाव.

“म्हंजे पंप धुवायना? माले दखाड,” बेबाबाई खुर्ची ओढून बसल्या.

“एक शब्द सांगा आई. कोणाला कळू नये असा.”

“भरीत,” बेबाबाई म्हणाल्या.

एका प्रोग्रामात तिनं तो शब्द ठेवला, दुसऱ्याला चोर केलं. चोराच्या हाती काही लागायला नको होतं.

“देख, देख! मना शब्द उना!” पडद्यावर ‘भरीत’ बघून बेबाबाईंनी टाळी वाजवली.

चारुलतानं कोड पुन्हा उघडला. तुकडे करताना, प्रोग्राम मध्येच अडला तर बाहेर पडायची वाट दुसऱ्या तुकड्यात गेली होती आणि धुण्याची ओळ पहिल्यातच राहिली होती, म्हणून त्या वाटेनं गेलं की धुणं व्हायचंच नाही. चूक तिची होती. योगराजला दोन्ही तुकडे नीटनेटके दिसले, एवढंच. तिनं लिस्टवर लिहिलं: पॅच घेऊ नका, भोक अजून उघडं आहे.

पाणी पिऊन होईतो फोन वाजला.

“लिस्टवर कशाला? आधी मला सांगायचं ना! माझं नाव आहे त्याच्यावर.”

“तुम्ही वाचला होता का सर?”

“मी मांडणी बघतो.”

“मग तपासला असं का लिहिलं?”

योगराजचा आवाज एकदम मवाळ झाला. “असं करा, तुमच्या मशीनचा दोष होता म्हणून कळवा. सोमवारी ती ओळ गुपचूप घालू. कंत्राटाचं मी वर बोलतो.”

मोह झाला. खोटं कशाला सांगायचं, चांगलाच झाला. पण सोमवारपर्यंत तो न धुतलेला पंप कोणाकोणाच्या शेतात जाणार होता, कोण जाणे.

“नाही सर.”

“मग माझं नाव काढा.”

“काढलं.”

दुपारी कंपनीचा निरोप आला. पॅच वेळेत गेला नाही, कंत्राट वाढणार नाही.

“त्यानी बी चूक शे नं? सांग नं बठ्ठासले,” बेबाबाई तणतणल्या.

“त्याची त्यानं सांगावी, आई.”

तिनं ओळ जागेवर घातली, या वेळी चाचणी लावली, ‘भरीत’ कुठे दिसलं नाही. काय बदललं त्याचं टिपण लिहून पॅच पाठवला. लगेच योगराजचं उत्तर आलं, सगळ्या जगासमोर: ‘टिपणातली शेवटची ओळ लांब आहे. तोडा.’

चारुलताला संताप आला. पण ओळ खरंच लांब होती. तिनं ती नियमाप्रमाणे तोडली. ‘मागच्या खेपेला धुण्याची ओळ’ एवढं वर राहिलं आणि ‘माझ्याकडून सुटली होती’ हे खाली एकटं आलं, कोणालाही लांबून दिसावं असं. त्याखाली तिचं नाव होतं. तपासणाऱ्याच्या नावाची जागा तिनं रिकामी ठेवली आणि पॅच पाठवून दिला.