भाटखोलचा दिवा कोणी फिरवला

२००१ साली पुष्करच्या कंपनीला कोकणातल्या दीपगृहांची वेबसाइट करायचं काम मिळालं. भाटखोलच्या छोट्या दीपगृहाचा जुना फोटो फक्त दुर्गाबाईंकडे होता. त्यांचे दिवंगत यजमान गोपाळकृष्ण तिथला दिवा सांभाळत. नात वल्लरीला घेऊन, सदाशिव पेठेतून रिक्षा करून त्या फोटोसकट कंपनीत आल्या.

पुष्करने स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवला. बारा मीटरचा दगडी मनोरा, एकेचाळीस पायऱ्या, रॉकेलचा दिवा. भोवतीचं भिंग यंत्रावर फिरे आणि दर दहा सेकंदांनी समुद्रावर झोत जाई. शेवटी होतं, '१९६१च्या वादळात यंत्र मोडले. दिवा तीन रात्री बंद होता.'

"बंद नव्हता," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी फिरवला."

"म्हणजे कसा, आजी?"

"हाताने. यजमान तापाने फणफणलेले. भिंगाला दोन तोंडं, वीस सेकंदांत एक फेरा पुरा व्हायला हवा. मागेपुढे झालं की खलाशांना वाटणार हे दुसरंच दीपगृह, आणि गलबत खडकावर. समोर घड्याळ ठेवलं आणि ढकलत राहिले. तळहात सोलून निघाले."

पुष्कर अवघडला. "पण सरकारी नोंदीत तसं नाही. क्लायंटने हाच मजकूर मंजूर केलाय."

"नोंद करायला साहेब चौथ्या दिवशी आले. मला विचारलं नाही, मी पगारावर नव्हते ना! आता तुम्हाला कळलंय. लिहा."

"मला तो अधिकार नाही हो."

"मग फोटोही नाही." त्यांनी फोटो पिशवीत घातला. "तुमचा कॉम्प्युटर छान आहे. मजकूर तेवढा खोटा आहे."

जिन्यात वल्लरी म्हणाली, "आजी, एवढं ताणायची गरज होती?"

"होती."

घरी न जाता दोघी सायबर कॅफेत शिरल्या. वल्लरीने फुकटात मिळणारं वेबपेज उघडलं, फोटो स्कॅन केला.

"काय लिहू? गोपाळकृष्णांच्या पत्नीने दिवा फिरवला?"

"पत्नी काय पत्नी! मला नाव आहे. दुर्गाबाईंनी फिरवला, असं लिही."

दोन महिन्यांनी पुष्करचा फोन आला. ते पान क्लायंटने वाचलं होतं. 'बंद होता' हे वाक्य ते काढायला तयार होते, पण नाव घालणार नव्हते. "आता तरी फोटो द्याल?"

"निम्मं खरं छापणार ना? मग फोटो निम्मा कापून पाठवते," म्हणत दुर्गाबाईंनी फोन ठेवला.

त्या वेबसाइटवर भाटखोलची चौकट रिकामीच राहिली.