दोन रेषांची खूण

सूक्ष्मदर्शकाची काच पुसून विद्याधर टेंब्यांनी तिसऱ्यांदा पाहिले. खूण जागच्या जागी होती.

सर्किट बोर्डाच्या पाठीवर कापलेल्या तारांची टोके चाळीसपट मोठी होऊन चकाकत होती. त्यांतल्या कित्येकांवर दोन रेषा होत्या. एक ठळक, तिच्या डावीकडे एक बारीक. निपरच्या, म्हणजे तारा कापायच्या चिमट्याच्या, पात्याला खाच पडली की ती कापलेल्या धातूवर अशी उमटते. बोटांच्या ठशांप्रमाणे दोन निपरांच्या खाचा कधी सारख्या नसतात, अशी टेंब्यांची धारणा होती. राजाजीनगरातल्या या लहानशा कारखान्यात गुणवत्ता तपासताना गेली चार वर्षे त्यांनी ही खूण रोज पाहिली होती. ती यल्लव्वाची होती.

अडचण एवढीच, की यल्लव्वा श्रावणात वारली होती. चिकोडीजवळच्या गावी तिला लिंगायत रीतीप्रमाणे बसवून पुरले, तेव्हा टेंबे खड्ड्याच्या कडेला उभे होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवले गेले. मग तिचा मुलगा महांतेश खाली उतरला आणि तिचा लाल मुठीचा जुना निपर त्याने तिच्या उजव्या हातात दिला. त्यावर विभूती आणि माती पडताना टेंब्यांनी स्वतः पाहिली होती.

आणि समोरचा बोर्ड कालचा होता.

"काय टेंबे सर, सापडलं काही?" मालक गुरुप्रसाद दारातून म्हणाले. त्यांचे घराणे चार पिढ्या बेंगळुरात मुरलेले. "एका महिन्यात तीन निपर खराब! ती गौरी तारा कापते का पहारी? तुम्ही स्वल्प लवकर एक टिकाऊ निपर पक्का करा आणि तिला काढायच्या शेऱ्यावर सही करा. सोमवारपासून दुसरी बाई बघू. सरी?"

एस. पी. रोडच्या बाजारातून आणलेले तीन नमुने टेबलावर मांडलेले होते. टेंब्यांनी एकेक मिटून उजेडासमोर धरला. पहिल्याच्या पात्यांमधून प्रकाशाची तिरीप आली, तो बाद. दुसऱ्याचा खिळा सैल होता. तिसरा केसाइतकीही फट न ठेवता मिटत होता. पात्याची कठिणताही कागदावर चोख होती. मात्र गौरीने वाया घालवलेले तीनही निपर याच जातीचे होते, आणि तिन्हींच्या पात्यांवर त्याच दोन खाचा, त्याच अंतरावर, त्याच क्रमाने होत्या. टेंब्यांनी मोजपट्टीने पडताळा घेतला. दशांश मिलिमीटरचाही फरक नव्हता.

ते गौरीच्या बाकाशी गेले. गौरी यल्लव्वाची भाची, निपाणीची. मावशीच्याच स्टुलावर बसत होती.

"तुला कापायला शिकवलं कुणी?"

"मावशीनं, सर. मी नीटच कापतेय की हो." ती वर न बघता म्हणाली. "त्या जाड डायोडचे पाय कडक लागतात. हाताला कळतंय."

हेच वाक्य, याच स्टुलावरून, याच चढउतारांनी टेंब्यांनी पूर्वी ऐकले होते. तेव्हा ते म्हणाले होते, "हाताला कळणं हे मोजमाप नव्हे, यल्लव्वा." पुरवठादाराच्या कागदावर पाय तांब्याचे असल्याचे छापलेले होते. म्हणून त्यांनी तिच्या वहीत शेरा मारला: 'हत्यार निष्काळजीपणे वापरते.' त्या शेऱ्यामुळे तिला लाइनीची प्रमुख केले नाही आणि नवा निपरही दिला नाही. खाचांचा निपर ती स्वतः घासून वापरत राहिली. त्या पायांबद्दल पुन्हा कधी बोलली मात्र नाही.

"ऊठ जरा," टेंबे म्हणाले.

"सर, तुम्ही कापणार?" गौरी हसू दाबत उठली. "अय्यो, बोट सांभाळा हं."

स्टूल गरम होते. गौरी आत्ताच उठली आहे, हे टेंब्यांनी मनाला बजावले. नवा निपर घेऊन त्यांनी पहिला बोर्ड तो धरून ठेवणाऱ्या साच्यात बसवला. साच्याचा एक खुंट डायोडच्या अगदी शेजारी येत होता. त्यामुळे निपर एकाच बाजूने, एकाच कलाने आत जाई, आणि दोन्ही पायांशी पात्याचा एकेक ठरावीक भागच पोचे. शंभर बोर्ड झाले. मनगट दुखू लागले. दर डायोडला मुठीत एक बारीकसा कट्ट असा धक्का बसत होता. इतर भागांना तो नव्हता.

एकशे विसावा बोर्ड त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

एक ठळक रेषा. तिच्या डावीकडे एक बारीक.

यल्लव्वाची खूण त्यांच्या स्वतःच्या हातून उतरली होती. क्षणभर त्यांना वाटले, आपल्या बोटांवर दुसऱ्या कुणाची तरी बोटे आहेत. त्यांनी हात झटकला.

मग ते उठले, भंगारातल्या एका स्पीकरचे चुंबक घेऊन आले आणि कापलेल्या तुकड्यांच्या बशीवर धरले. बाकीचे तुकडे पडून राहिले. डायोडच्या पायांचे तुकडे तेवढे उभे राहिले, थरथरले आणि टपाटप चुंबकाला जाऊन चिकटले. आत पोलाद, वर तांब्याचा मुलामा. दोन पाय, दोन खाचा.

"बघा!" गौरी म्हणाली. "मावशी म्हणत होती की."

"म्हणत होती," टेंबे म्हणाले. "मी हे चुंबक चार वर्षं धरलं नाही."

गुरुप्रसादांना त्यांनी थोडक्यात सांगितले: डायोडसाठी कठीण तार कापणारा जाड पात्याचा निपर वेगळा, बाकीच्यांसाठी हाच. साच्याचा खुंट हलवायचा. गौरीच्या कागदावर सही होणार नाही. "तुम्ही पहारी म्हणालात, ते फारसं चूक नव्हतं."

"आणि चूक कुणाची लिहू, सर?"

"माझी."

कपाटातून यल्लव्वाची वही निघाली. 'निष्काळजीपणे'वर त्यांनी एक सरळ रेघ मारली, खाली कारण, तारीख आणि आपले पूर्ण नाव लिहिले. वाचायला ती नव्हती. तरी अक्षर त्यांनी सुवाच्य काढले.

एक नोंद मात्र अपुरी राहिली. काटेकोरपणे पाहता, मूळ निपर तपासल्याखेरीज निष्कर्ष पुरा होत नव्हता. तो मिळण्याजोगा नव्हता. साडेपाचशे किलोमीटरवर, मातीखाली, ताठ बसलेल्या एका बाईने तो पुरावा उजव्या मुठीत धरून ठेवला होता.