गोकुळच्या नावाचं पान

माह्या अंगनात, लिंबाखाली, आम्ही पाचसहा बाया मिरच्या खुडाले बसलो होतो. ऊन असं की मिरचीले हात लावला त कडकड वाजे. कोनी हाताले खोबऱ्याचं तेल चोपडलं, कोनी प्लास्टिकच्या पन्न्या बांधल्या. शेजारच्या कारभारीची पोरगी पायल मातर कोरड्या हातानं देठं मोडून राह्यली, अन् त्याच हातानं तिनं डोळा चोळला. म्या म्हनलं, आता बोंबलते ही. पन नाई. डोळा लाल झाला, पानी गालावर आलं, अन् पोरीनं दुसरी मिरची उचलली.

"काऊन व, झोंबत नाई तुले?" म्या इचारलं.

"झोंबते ना, गोजरकाकू," ती म्हने. जशी शेजारनीच्या डोळ्याची गोष्ट सांगून राह्यली.

मले असल्या बोलन्याचा लय राग येते. मानसानं रडावं, नाई त कोनाशी कचकचून भांडावं. हे मधलंच काय? पन पायलचं पौषापासून असंच होतं.

पौषात शंकररावचा गोकुळ गेला. हरभऱ्याले पानी द्याले गेला, मोटरच्या पेटीले हात लावला अन् करंटनं खेचलं त्याले. पंचविशीतलं पोट्टं. पायलचं अन् त्याचं काय होतं, थे गावात कोनाले माहीत नव्हतं? मेहकरच्या कॉलेजातून येतानी दोघं एका गाडीवर. नाल्याजवळ उतरून ती पायी गावात ये अन् थो दुसऱ्या वाटेनं घुसे, जसे आम्ही सारे आंधळे. जातीतलीच पोरगी, घर पाह्यलेलं. हरभरा निंघाला की बापाले तुमच्या घरी धाडतो, असं थो तिले म्हनला होता. पन बोलनं निंघालं नाई, सुपारी फुटली नाई, साखर वाटली नाई. मंग ती त्याची कोन? कोनीच नाई.

त्याचं मयत अंगनात होतं तवा गावातल्या साऱ्या बायांनी गळा काढला. ज्यांचं त्याच्याशी कधी पटलं नाई त्याबी रडल्या. अन् ही नळावर उभी राहून पान्याचा गुंड भरत होती. गुंड भरून सांडला, तवा उचलला अन् घरी गेली. कोनी म्हने, पाहा, काई नव्हतंच यांच्यात. कोनी म्हने, दगडाची हाय पोट्टी. तिच्या मायले पहिलं बोलनं बरं वाटलं. तिनं लगेच डोनगावचं स्थळ काढलं, अन् अखाजी, म्हंजे अक्षय तृतीया, झाल्यावरच्या रविवारी पाव्हने पाहाले येनार, असं ठरलं.

त मिरच्या खुडता खुडता कवाडापाशी कोनीतरी येऊन उभं राह्यलं. पाह्यलं त गीताबाई, गोकुळची माय. पोरगं गेल्यापासून बाई घराबाहेर पडली नव्हती. लुगडं अंगावर लटकून राह्यलं होतं नुसतं. आम्ही जागा करून दिली, पन बसली नाई. माह्याकडं पाह्यलं नाई, कोनाकडंच नाई. सरळ पायलले म्हने, "परवा अखाजी हाय. गोकुळच्या नावानं पान वाढीन. तू ये जेवाले."

साऱ्या बायांचे हात थांबले. आमच्याकडं अखाजीले गेलेल्याच्या नावानं एका मानसाले पाटावर बसवतेत. म्हाताऱ्याच्या नावानं म्हातारा, सवाशिनीच्या नावानं सवाशीन, अन् बिनलग्नाच्या पोराच्या नावानं बिनलग्नाचं पोरगं. त्याचे पाय धुतेत, गंध लावतेत, पोटभर जेवू घालतेत. थो जेवला म्हंजे गेलेला जेवला. शंकररावनं त्याच्या पुतन्याले, गोपालले, सांगूनबी ठेवलं होतं. पोराच्या पानावर पोरगी बसल्याचं म्या त माह्या जल्मात पाह्यलं नाई.

"गीता, डोकं जाग्यावर हाय ना तुह्यं?" म्या म्हनलं.

"नाई," गीताबाई म्हने. "पन ती येईन का, एवढं सांगा."

पायलनं मिरची खाली ठेवली नाई. "येईन," म्हने.

त्या दिवशी कारभारीच्या घरी जे झालं थे मले कुडाच्या भिंतीतून सारं ऐकू आलं, कान लावाची गरजच पडली नाई. पायलची माय कपाळ बडवून राह्यली होती. "रविवारी पाव्हने येऊन राह्यले अन् तू मेलेल्याच्या पाटावर बसतं? डोनगाववाल्याले कळलं त कोन करीन तुले? तू त्याची लागतं कोन?"

पायल थाळीतली भाकर मोडून खात राह्यली असन. मंग माय कारभारीवर घसरली. "तुम्ही सांगा न तिले. तोंडात काय बसलं तुमच्या?"

कारभारी म्हने, "मी काय सांगू?" अन् उठून वावरात गेला. मले वाटलं, घ्या, हा गडी जलमभर असाच वावरात पळून जानार.

अखाजीच्या दिवशी पायल कॉलेजचाच पिवळा ड्रेस घालून एकटी निंघाली. माय दारात आडवी नाई झाली, पन तोंड फिरवून उभी राह्यली. मी गेली तिच्यासोबत. कोनी हाटकलं असतं त दोन शिव्या द्याले मानूस पायजे ना.

शंकरराव वसरीत खाटेवर बसला होता. त्याले हे पटलंच नव्हतं. "गोपालले आनलं असतं त काय बिघडलं असतं?" असं थो भिंतीले म्हने. गीताबाईनं ऐकलं नाई. पाट मांडला, भरलेली घागर ठेवली, चुलीतल्या इस्तवावर घास टाकला. मंग परातीत पोरीचे पाय घेतले अन् धुवाले लागली. पायलनं पाय मांगं घेतले नाई. कपाळाले गंध लावलं, पन डोळे दोघींचेबी कोरडे. मलेच पाहावलं नाई.

आता पाटावर बसलेल्याले टोपी-टॉवेल द्याचा असते. पोरीले टोपी कशी द्यावी? गीताबाई अडली. तवा शंकरराव खाटेवरून उठला, नवा टॉवेल उकलला, अन् पायलच्या खांद्यावर टाकला. टोपी तिच्या मांडीवर ठेवली. "जेव, माय," म्हने, अन् दारापाशी जाऊन उभा राह्यला.

पुरनपोळी, आंब्याचा रस, कढी, भजे, गंगाफळाची भाजी. पायलनं पोळी रसात बुडवली अन् खाल्ली. मिरच्या खुडाव्या तशी जेवत होती. मंग भाजीचा घास घेतला अन् हात थांबला.

"काकू," ती गीताबाईले म्हने, "भाजीत मीठ नाई."

पितराचं पान हाय म्हनून कोनी सैपाक चाखत नाई, उष्टा होते. गीताबाई भाजीच्या गंजाकडं पाहतच राह्यली. "म्या टाकलं नाई?"

दारातून शंकरराव हळूच म्हने, "पौषापासून कवा टाकतं, कवा टाकत नाई."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"मले कुठं चव लागत होती?"

गीताबाई मिठाचा डबा घेऊन आली अन् पायलच्या पानावर मीठ वाढलं. पायलनं भाजीत मीठ कालवलं, घास तोंडात घेतला, चावला, अन् घास तोंडात असतानीच तिनं हंबरडा फोडला. पौषात जे निंघालं नव्हतं थे सारं निंघालं. गोकुळ, गोकुळ, असं नाव घेऊन. गावात चारचौघात पहिल्यांदा तिनं त्याचं नाव घेतलं. गीताबाईनं तिले पोटाशी धरलं अन् दोघी पाटावरच आडव्या झाल्या. शंकरराव दाराच्या चौकटीले डोकं लावून रडला. मी काय सांगू, मीबी रडली.

आवाज ऐकून अर्धी गल्ली जमली. काय झालं, कारभारीची पोरगी इथं काऊन रडून राह्यली, असं एकमेकीले इचारू लागल्या. त्यांच्यातून वाट काढत पायलची माय आली. म्या पदर खोचला, म्हनलं आता ही पोरीले ओढत नेईन. पन ती उंबऱ्यात अडकली. पोरीचा आवाज असा तिनं ऐकला नव्हता ना कधी. मंग हळूच आत गेली, पाटापाशी बसली, अन् पदरानं पोरीचं नाक पुसलं.

कारभारीबी आला होता. थो बाहेर गल्लीतच उभा होता, साऱ्या लोकायच्या मधात. त्यानं बंडीच्या खिशातून मोबाईल काढला. त्याची सवय लय जोरानं बोलाची, त आम्हाले आत ऐकू आलं.

"हॅलो, राम राम पाव्हने. रविवारी येऊ नोका. नाई, पोरगी ठनठनीत हाय." जरा थांबला. "आमच्या घरी सुतक हाय."

तिकडून इचारलं असन, कोन गेलं म्हनून.

"जवाई," कारभारी म्हने, अन् फोन ठेवून चपला काढून आत आला.