अर्धी सुई

माझ्या दुकानात सुई मोडली की काम थांबतं. दोन्ही तुकडे सापडेपर्यंत पुढचा टाका नाही. सापडले की ते चिकटपट्टीनं वहीत डकवायचे आणि शेजारी लिहायचं: तारीख, कोणाच्या हातून मोडली, तुकडा कुठं सापडला. अकरा वर्षं कपड्यांच्या फॅक्टरीत काढली, तिथून आणलेली ही एकच सवय. माझे वडील नागोजीराव, आमचे अप्पा, या वहीला ‘सुयांचं पंचांग’ म्हणतात. पन्नास वर्षं त्यांनी म्हैसूरच्या पोलिसांचे आणि बँडवाल्यांचे गणवेश शिवले, खांद्यावरचे बिल्ले लावले, आणि मोडलेली सुई सरळ खिडकीबाहेर टाकली.

म्हैसुरातच, नजरबादेत, घराच्या पुढच्या खोलीत आमचं दुकान आहे. गेल्या महिन्यात माझी मुलगी यशस्विनी तिथं एक निळा अंगरखा घेऊन आली. अंगरखा मी म्हणते. मानेपासून घोट्यापर्यंत एकच कपडा, विमानातून उडी मारताना घालायचा. हो, माझी मुलगी विमानातून उडी मारते. सोमवार ते शुक्रवार ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते आणि रविवारी बन्नूरच्या रस्त्याला एका मैदानावर आकाशातून उतरते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, कापड कुठलं असतं गं?

कापडाचं नाव निघालं की माझा राग टिकत नाही, हा माझा जुना दोष आहे.

“अम्मा, हा पॅच दंडावर लावून दे,” ती म्हणाली. पंख पसरलेल्या घारीचा बिल्ला होता, मागं इस्त्रीनं चिकटणारा डिंक. “स्वल्प लवकर. या रविवारी माझ्या स्वतःच्या पॅराशूटनं पहिली उडी आहे.”

आतापर्यंतच्या पंचवीस उड्या तिनं क्लबच्या पॅराशूटवर मारल्या होत्या. हे जुनं का असेना, तिचं स्वतःचं होतं.

मी आतल्या शिवणीतून चिमूटभर कापड कापलं आणि काडी लावली. सुती असतं तर कागदासारखं जळालं असतं. हे आक्रसलं, त्याचा काळा मणी झाला. नायलॉन. तरी उत्सुकता म्हणून एक तुकडा इस्त्रीखाली धरला. डिंक वितळायच्या आधी कापडच सुरकुतलं. म्हणजे इस्त्री बाद, शिवायलाच हवं. तेही घट्ट आणि जवळजवळ टाके घालून नाही. बारीक भोकांची रांग पडली की कापड पोस्टाच्या तिकिटासारखं तिथंच फाटतं. मी बारीक सुई घेतली, पॉलिएस्टरचा दोरा घेतला, टाके लांब आणि सैल ठेवले. कड कुठं उचलली जाणार नाही, दोऱ्याचं शेपूट लोंबणार नाही, एवढं तीनदा पाहिलं. तिथं वाऱ्याला पकडायला काही मिळता कामा नये, असं यशस्विनीनं बजावलं होतं.

हे सगळं मी शुक्रवारी दुपारी, अप्पा झोपलेले असताना उरकलं. मुद्दाम.

कारण आमच्या घरात एक रीत आहे. पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. माणूस घराबाहेर पडायच्या आधी त्याच्या बिल्ल्याखाली लाल-पिवळ्या सुती दोऱ्याची एक गाठ घालायची, सगळ्या थरांतून आरपार, सुटूच नये अशी. राखणीचा टाका. घोडदळ गेलं, अप्पांनी टाका सोडला नाही. गिऱ्हाइकाला न सांगता त्यांनी तो पन्नास वर्षं घातला. निम्म्या शहराचे पोलीस आमची राखण अंगावर घेऊन रिटायर झाले. पण त्या गाठीचा चांगला वाटाण्याएवढा गोळा होतो. मला तो या कापडावर नको होता. मी त्यांना विचारलं नाही, सांगितलंही नाही. चूक तिथं माझी.

शनिवारी यशस्विनीनं पॅराशूटची पिशवी घरी आणली. पाठीवर बांधायची, बाहेरून शाळेच्या दप्तरासारखी. अप्पा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. एवढे उत्सुक मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

“हे काय?”

“ताता, त्याला हात नका लावू. ती सुम्ने, साधी बॅग नव्हे. आत मोठं पॅराशूट आहे, वर आणखी एक जास्तीचं.”

“उघडतं कसं?”

तिनं पिशवीच्या तळाशी ताणणाऱ्या कापडाचा एक खिसा दाखवला. त्यातून एक छोटी मूठ डोकावत होती. “इथं हात मागं न्यायचा, मूठ ओढायची, फेकायची. आत एक छोटं पॅराशूट घडी करून ठेवलंय. ते वारा धरतं आणि मोठ्याला बाहेर ओढतं.”

“आणि आधी ओढून बघायचं नाही?”

“बेडा, नको ताता! ओढलं तर सगळं उघडणार ना. खाली असताना आम्ही फक्त हात लावून बघतो, मूठ जागेवर आहे का.”

“म्हणजे जीव या मुठीत.”

“हौदु, हो. म्हणून याला सुई लावायची तर फक्त आमच्या क्लबच्या सुधींद्र सरांनी. त्यांच्याकडे लायसन्स आहे.”

अप्पांनी मान हलवली. मग अंगरखा उचलून दंडावरच्या बिल्ल्याच्या मागं बोट फिरवलं. गाठ सापडली नाही. अंगरखा घडी करून ठेवला. एरवी माझ्या प्रत्येक शिवणीला नाव ठेवणारा माणूस गप्प बसला, हे मला खटकायला हवं होतं. मी मात्र खुशीत शाळेचे गणवेश पोचवायला गेले.

रविवारी पोरगी पहाटेच निघून गेली. आठाच्या सुमारास मी दुकान झाडत होते आणि अप्पांच्या खुर्चीखाली केरसुणीत काहीतरी चमकलं. हातशिलाईची सुई. नेढ्याकडचा अर्धा भाग, आणि नेढ्यात लाल-पिवळा दोरा.

मी सवयीनं वही काढली. सवयीनंच विचारलं, “अप्पा, दुसरा तुकडा कुठंय?”

“असेल कुठंतरी.”

“कुठं शिवत होता तुम्ही?”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “तू बिल्ला लावून मोकळी झालीस. टाका घातलास? माझी नात हवेत जाणार, आणि तिला राखण नाही? मी घातला. काल रात्री, त्या खिशाला. ते कापड मऊ असतं, म्हटलं सुई सहज जाईल. आत घड्यांत अडकली आणि मोडली. मग दुसरी घेतली.”

“आरपार?”

“आरपारच घालतात. आतल्या बाजूनं घातलाय, दिसणारसुद्धा नाही. जिथं जीव, तिथंच राखण.”

यशस्विनी मुठीला हात लावून बघणार, मूठ जागेवर असणार. ती ओढणार वर गेल्यावर. आणि अप्पांची गाठ आजवर कधी सुटलेली नाही.

मी पाच वेळा फोन केला. उडीआधी ती फोन सॅकमध्ये टाकून देते. सुधींद्र सरांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी स्कूटर काढली. अप्पा न बोलावता मागं बसले, चपला न घालता. बन्नूरच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर पुढं जाऊ देईना तेव्हा मी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या अप्पांनी पोलिसांच्यासुद्धा तोंडून ऐकल्या नसतील. वरून विमानाचा आवाज आला. मी वर पाहिलं नाही. मला पाहवेना.

ते विमान उतरत होतं. दुसरी तुकडी रांगेत उभी होती आणि घारीचा बिल्ला रांगेत तिसरा होता.

“यशू! थांब!” मी कुंपणावरून ओरडले. तिनं वळून पाहिलं आणि लाजून कपाळाला हात लावला. आई सोडायला आली, असंच तिला वाटलं असणार. पण एक उंच माणूस माझ्या चेहऱ्याकडे बघत धावत आला. ते सुधींद्र सर. मी अर्धी सुई त्यांच्यापुढं धरली. “याचा दुसरा तुकडा तिच्या पॅराशूटच्या खिशात आहे. खिसा शिवलाय.”

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तिला रांगेतून बाहेर काढलं, पिशवी उतरवून गवतावर ठेवली, मूठ धरली आणि ओढली. निघाली नाही. पाय रोवून पुन्हा ओढली. पिशवीच सरकत आली. सरांनी खिशाची कड उलटली.

यशस्विनी तो लाल-पिवळा दोरा बघत राहिली. शाळेच्या प्रत्येक गणवेशात तिनं तो पाहिला होता.

“वर जास्तीचं आहे म्हणाली होती,” अप्पा पुटपुटले. “ते उघडलं असतं ना?”

“उघडलं असतं बहुतेक,” सुधींद्र सर म्हणाले. “पण ही मूठ ओढत बसण्यात वेळ जातो, आणि वर वेळच कमी असतो.”

त्यांनी कात्री काढली, पण गाठीचं टोक त्यांना सापडेना. अप्पा गवतावर गुडघे टेकून बसले. आपली गाठ त्यांनी स्वतःच कापली, आयुष्यात पहिल्यांदा. आतल्या घडीतून अर्धी सुई निघाली. छोट्या पॅराशूटच्या कापडाला भोकं पडली होती. सरांनी पॅराशूट ठेवून घेतलं. त्या दिवशी उडी नाही. यशस्विनी रडली, आधी रागानं आणि मग नुसतीच. अप्पा तिला एवढंच म्हणाले, “मगा, पोरी, मी विचारायला हवं होतं.” तिनं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि आपले बूट काढून त्यांच्यापुढं ठेवले.

घरी आल्यावर मी दोन्ही तुकडे वहीत डकवले. तारीख लिहिणार तोच अप्पांनी पेन मागितलं. चष्मा पुसला, तारीख लिहिली. ‘कोणाच्या हातून’ याच्या पुढं आपलं पूर्ण नाव लिहिलं. ‘तुकडा कुठं सापडला’ इथं आल्यावर त्यांनी दोन्ही तुकड्यांवरून बोट फिरवलं.

मग त्यांनी लिहिलं, ‘नातीच्या पाठीवर’, आणि वही माझ्याकडे न देता मांडीवर धरून बसून राहिले.