पहिली ओळ

"हनुवटी वर. खांदे पुढे. अजून पुढे. आता मोठा श्वास घ्या आणि रोखून धरा."

"धरला," कंडक्टर म्हणाले, आणि म्हणताना तो सुटला.

"बोलायचं नसतं हो! परत घ्या."

"अगं, तीस वर्षं बोलून पोट भरलंय. तोंड बंद ठेवायचा पगार मला कधी मिळालाच नाही."

"आज फुकटात ठेवा," ती म्हणाली आणि काचेमागे गेली. बटण दाबलं. यंत्राने घरघर केली आणि समोरच्या पडद्यावर कंडक्टरांची छाती उमटली. बरगड्या, हृदयाची सावली, सगळं जागच्या जागी. फक्त उजवीकडे वर, जिथे काळं दिसायला हवं होतं तिथे, लिंबाएवढा पांढरा डाग होता.

असले डाग तिने सव्वीस वर्षांत इतके पाहिले होते की डॉक्टरांच्या आधी तिलाच कळायचं. ती पडद्याकडे बघत राहिली. पलीकडे कंडक्टर श्वास रोखून उभेच होते.

"सोडू का?" शेवटी ते कसेबसे ओरडले. "का जीव घेतेस?"

"सोडा, सोडा. चुकलंच माझं."

ते शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "काय दिसलं?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील. शुक्रवारी या."

हे वाक्य ती सगळ्यांना सांगायची. एकदा सख्ख्या भावालाही सांगितलं होतं आणि त्यावरून वहिनीने चार दिवस अबोला धरला होता. एक्स-रे काढणाऱ्याने एक्स-रे काढायचा. त्यात काय आहे ते सांगायचं नाही. नियम म्हणजे नियम.

"बरं, नको सांगूस," कंडक्टर म्हणाले. "पण चाळीस-एकोणचाळीस विसरू नकोस. चाळीस माझे."

"माहितीये. उगाच मिरवू नका."

हे चाळीस-एकोणचाळीस काय, ते सांगायला हवं. गावात दहाबारा जणांना डब्या शोधायचा नाद होता. त्याला जिओकॅशिंग असं भारदस्त नाव आहे, पण ही मंडळी नुसतं "डबी" म्हणत. कुणीतरी घट्ट झाकणाची एक डबी कुठेतरी दडवायची आणि तिचा ठावठिकाणा सगळ्यांच्या फोनवर टाकायचा. बाकीच्यांनी फोनमधल्या बाणामागे जायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदावर सही करायची, वेळ लिहायची आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. वहिनीच्या मते हे रिकामटेकड्यांचे उद्योग. पण कागदाची पहिली ओळ ज्याला मिळाली त्याची त्या दिवशी छाती फुगायची, आणि त्या एका ओळीसाठी ही शहाणीसुरती माणसं पहाटे उठून चप्पल शोधत धावायची.

बाकीचे हौशी. खरी चुरस दोघांतच. एक निवृत्त बस कंडक्टर, वय अडुसष्ट, मुलीकडे राहणारे. दुसरी ही, इस्पितळाच्या एक्स-रे खोलीतली, वय एक्कावन्न, भाऊ-वहिनीकडे राहणारी. मंडळी तिला फोटोताई म्हणत. नऊ वर्षं दोघं एकमेकांच्या नाकावर टिच्चून पहिली ओळ पटकावत होते. त्यांनी एक रीतही पाडली होती. जो पहिला पोचेल त्याने सही करून निघून जायचं नाही. तिथेच बसून दुसऱ्याची वाट बघायची आणि डबी त्याच्या हातात द्यायची. हरलेल्याचं तोंड बघितल्याशिवाय जिंकण्यात काय मजा? कंडक्टर पहिले असले की लांबूनच आवाज यायचा, "चला, मागं सरका, मागं! पुढची सीट भरली!" तिला त्या आवाजाचा भयंकर राग यायचा. तो ऐकायला मिळाला नाही तर मात्र दिवस सुना जायचा, हे ती कुणाला सांगणार?

एक्स-रे सोमवारी काढला. बुधवारी पहाटे सहाला तिचा फोन वाजला. इलेक्ट्रिशियनने नवी डबी ठेवली होती, कालव्याकाठच्या बंद पंपघराजवळ.

ती सहा चाळीसला पोचली. इलेक्ट्रिशियनची डोकं चालवायची पद्धत तिला पाठ होती. जिथे वायर असेल तिथे त्याचा हात जायचा. पंपघराच्या जुन्या मीटरपेटीमागे तिने बोटं घातली आणि डबी हाताला लागली. झाकणाभोवती लाल टेपचा एक वेढा होता. ही त्याची खूण. टेप शाबूत म्हणजे डबी कोरी.

तिने टेप ओढून काढली, कागद उलगडला. पहिली ओळ रिकामी. तिने पेन काढलं आणि तिचा हात थबकला.

चाळीस-चाळीस होणार होतं. एरवी तिने नाचायचं बाकी ठेवलं असतं. पण डोळ्यांसमोर तो लिंबाएवढा डाग आला. आता असं किती वेळा धावत येतील ते? या एका ओळीने माझं काय अडलंय? तिला वाटलं, घेऊ दे त्यांना. आणि असं वाटल्याचं तिला बरंही वाटलं. तिने कागद गुंडाळला, डबी जागेवर ठेवली आणि पंपघराच्या मागच्या भिंतीआड जाऊन उभी राहिली.

कंडक्टर सात वाजून पाच मिनिटांनी आले. कालव्याच्या रस्त्यावर ते तीनदा थांबले. एकदा फोन बघायचं निमित्त करून, एकदा बुटाची नाडी बांधायचं करून, आणि तिसऱ्यांदा निमित्तही न काढता नुसतेच कठडा धरून. मग येऊन त्यांनी डबी हुडकली, उघडली, बराच वेळ कागद बघितला, सही केली आणि पायरीवर बसले.

ती मागून फेरा घालून रस्त्यावर आली आणि धापा टाकत असल्याचं सोंग करत पुढे गेली. "आलात पण? छे! आज वाटलं होतं मीच पहिली."

"मागं सरका" काही आलं नाही. कंडक्टरांनी तळहात पुढे केला. एखादा प्रवासी तिकीट नसताना खिसे चाचपू लागला की करत असतील, तसाच.

"काढ."

"काय काढू?"

"टेप. लाल. डबीला नव्हती. इथं खाली पण नाही. म्हणजे कुणाच्यातरी खिशात आहे. आणि रस्त्यावर पडलेला कागद उचलून खिशात घालणारं या गावात एकच माणूस आहे."

तिने कोटाच्या खिशात हात घातला. टेप होती. ती कधी खिशात गेली हे तिला आठवतही नव्हतं. तिने ती मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवली.

"तीस वर्षं फुकट्यांना उतरवलं मी," कंडक्टर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "वाटेल ती सोंगं बघितली. आणि आज तू मलाच फुकटात बसवतेस? आजवर तरी कधी केलं होतंस असं?"

"नाही."

"गेल्या महिन्यात मला ताप होता तरी थांबली नाहीस. उलट हसलीस. मग आजच का एवढी कणव?"

कंडक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि तिला कळलं की आपण काय करून बसलोय.

"असं आहे होय," ते म्हणाले. "सोमवारी फोटो, बुधवारी ही दानधर्माची हौस. म्हणजे बरंच वाईट आहे."

"रिपोर्ट डॉक्टर सांग…" ती म्हणू लागली आणि वाक्य तिच्या तोंडात मेलं. सव्वीस वर्षं सांभाळलेलं तोंड तिने न उघडताच गमावलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं.

"रडू नकोस," कंडक्टर म्हणाले. "खोकला मलाही ऐकू येतो. बहिरा नाही मी." त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. त्यांची सही दुसऱ्या ओळीवर होती. पहिली ओळ रिकामीच होती. "तू आधी आलीस. ती ओळ तुझी. कर सही."

"नाही करणार."

"मी तर नाहीच करणार."

"मग राहू दे तशीच."

"राहू दे!"

दोघं एकमेकांशी न बोलता कालव्याच्या दोन बाजूंनी घरी गेले.

शुक्रवारी डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं. त्यानंतर कंडक्टरांचं इस्पितळात येणं-जाणं सुरू झालं. एक्स-रेही पुन्हा काढावे लागले. "श्वास रोखा" म्हटलं की ते रोखत. आता गप्पही राहत. काय दिसलं, असं मात्र त्यांनी परत कधी विचारलं नाही. ते एवढंच विचारत, "सही केलीस?"

"नाही."

"घोडी, हटून बसलेली घोडी," असं काहीतरी पुटपुटत ते शर्ट घालत.

इकडे मंडळींत भलताच गोंधळ. इलेक्ट्रिशियन जाईल त्याला विचारत होता, "माझ्या डबीची पहिली ओळ कुणी गिळली?" बाकीच्यांनी तिसऱ्या, चौथ्या ओळीवर सह्या केल्या. कुणी म्हणालं शाई उडाली, कुणी म्हणालं भूत आलं असेल. रिकाम्या ओळीवर सही करायची टाप मात्र कुणाची झाली नाही. कंडक्टरांच्या सहीच्या वर बसायचं म्हणजे काय?

तीन महिन्यांनी कंडक्टर घरच्या पलंगावर आले. इस्पितळात आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती भेटायला गेली तेव्हा त्यांची मुलगी खिडकीपाशी औषधांच्या बाटल्या पुसून लावत होती.

"ताई, तुम्हीच सांगा यांना काहीतरी," मुलगी म्हणाली. "जेवत नाहीत, झोपत नाहीत, आणि सारखं सही, सही. कसली सही राहिलीय? बँकेची आहे का?"

"नाही गं. डबीची."

"डबीची!" मुलीने कपाळाला हात लावला आणि बाटल्या तशाच ठेवून स्वयंपाकघरात गेली.

कंडक्टरांनी डोळे उघडले. "केलीस?"

"कशाला मागे लागलाय? काय फरक पडतो आता?"

"मला पडतो." ते थांबले. दोन वाक्यांत आता श्वास घ्यावा लागे. "माझं ऐक. मी नऊ वर्षं तुझ्याशी खेळलो. तू कधी सोडलं नाहीस, मी कधी सोडलं नाही. म्हणून मजा आली. आता शेवटच्या डबीला तू मला सोडलंस, तर मागचे चाळीस पण खोटे वाटायला लागतात. हे पण सोडले असतील का हिने? रात्रभर तेच मोजत बसतो."

"एकही सोडला नव्हता. शप्पथ. दात-ओठ खाऊन हरले मी चाळीस वेळा."

"मग लिही तसं. हरलो तर हरलो म्हणून हरू दे मला. आजारी म्हणून जिंकवू नकोस."

तिने त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंपघरापाशी गेली. कालव्यात पाणी सोडलं होतं. डबीतला कागद आता बराच भरला होता. खालच्या सह्या एकमेकींना ढकलत होत्या आणि वर ती एक ओळ कोरी होती. तिने पेन काढलं. त्या बुधवारची तारीख घातली. पुढे लिहिलं, "फोटोताई, ६.४०." अक्षर वाकडं आलं, पण तिने गिरवलं नाही. फोनवर त्याचा फोटो काढला आणि तशीच कंडक्टरांकडे गेली.

त्यांनी चष्मा मागितला. फोन जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. खरं तिकीट आहे का, हे बघावं तसं.

"सहा चाळीस," ते म्हणाले. "मी किती वाजता आलो?"

"सात पाचला."

"पंचवीस मिनिटं!" त्यांनी फोन छातीवर ठेवला. "पंचवीस मिनिटांनी हरवलंस तू मला?"

"हो."

"बेशरम," ते म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकले, आणि मुलगी धावत आली. खोकला थांबल्यावर त्यांनी हाताने तिला बाजूला केलं. "चाळीस-चाळीस," ते म्हणाले. "लिहून ठेव कुठंतरी." त्या दुपारी त्यांनी वाटीभर पेज मागून घेतली, असं मुलीने नंतर फोनवर सांगितलं.

त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले. मंडळीतले सगळे आले होते. इलेक्ट्रिशियन कोपऱ्यात उभा राहून लहान मुलासारखा रडला. फोटोताई रडली नाही. तिने मुलीला बाटल्या आवरायला मदत केली आणि घरी गेली.

दीडेक महिन्याने एका सकाळी सहाला तिचा फोन वाजला. नवी डबी होती, बागेमागच्या पाण्याच्या टाकीजवळ. वहिनी कूस बदलत म्हणाली, "झालं, आली डबी." ती उठली, चप्पल शोधली आणि निघाली. वाटेत ती एकदाही रेंगाळली नाही. चढावरसुद्धा तिने पाय उचलूनच टाकले.

टाकीच्या शिडीखाली, केबलच्या जोडाशी, डबी होती. लाल टेप शाबूत होती. तिने ती काढून खिशात घातली, कागद उलगडला आणि पहिल्या ओळीवर सही केली. ६.५२. एक्केचाळीस.

मग ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली, डबी मांडीवर घेऊन, उघडीच. रस्ता खालपर्यंत दिसत होता. एक पेपरवाला गेला, कुत्रं घेऊन एक म्हातारी गेली. इतक्या सकाळी येणारं आता दुसरं कुणी नव्हतं. बाकीचे येतील ते संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर. तिला आठला ड्यूटी होती.

सात सतरापर्यंत ती बसली. पंचवीस मिनिटं झाल्यावर तिने झाकण दाबून बसवलं, डबी होती तशी ठेवली आणि कामावर गेली.