पिण्यायोग्य नाला

"उद्या ही पृथ्वी वाचली, तर इतिहासाच्या पहिल्या पानावर आपल्या कारखान्याचं नाव असेल!"

मोठ्या साहेबांनी केबिनमधल्या आरशासमोर हात उंचावून हे जाहीर केलं. उद्या मिळणाऱ्या 'हरित उद्योग' पुरस्काराच्या भाषणाची ही तिसरी तालीम. टाळ्या वाजवायला समोर फक्त तात्या शिपाई होते, आणि त्यांच्या दोन्ही हातांत उष्ट्या कपबशा होत्या.

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाई आत आल्या. दारावर टकटक न करता. नऊ वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"सर, नमुना नापास झालाय."

"कुणाचा?"

"आपल्या नाल्याचा."

कारखाना कापड रंगवण्याचा. रंगाचं सांडपाणी शुद्धीकरण यंत्रातून मागच्या नाल्यात सोडायचं, दर एक तारखेला तात्यांनी नाल्याच्या तोंडाशी बाटली भरायची, बाईंनी ती तपासून सही ठोकायची, असा शिरस्ता. एकशे सात महिने ही बाटली इतकी बिनचूक पास होत आली होती की एखाद्या हुशार पोराला तिचा हेवा वाटावा. गेल्या वर्षीच्या अहवालात तर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'आमच्या नाल्याचं पाणी पिण्यायोग्य आहे.' पुरस्कार त्या वाक्याला होता. आणि एकशे आठव्या बाटलीत रंगाचं रसायन मर्यादेच्या तिप्पट निघालं.

"पुन्हा तपासा," साहेब म्हणाले.

"तीनदा तपासलं."

"मग तुमची उपकरणं बिघडली असतील."

"उपकरणं ठीक आहेत. बिघडलंय ते शुद्धीकरणाचं यंत्र."

"ते कसं बिघडेल? ते तर आठ वर्षं बंद आहे!"

बोलून गेल्यावर साहेबांनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द केव्हाच बाहेर पडून खुर्चीवर बसले होते. बाईंना मात्र बसायला काही सापडेना. त्या भिंतीला टेकल्या.

"आठ वर्षं? सर, मी सह्या केल्यात त्यावर!"

"अहो, तुमच्याच सह्यांमुळे बंद केलं ना! यंत्र वीज खातंय बदाबदा आणि तुम्ही दर महिन्याला पास करताय. एकदा बंद ठेवून पाहिलं, तरी पास. मला वाटलं, आपलं सांडपाणी मुळातच सज्जन आहे."

यंत्र बंद, तरी नमुना पास. बाईंनी बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं आणि हळूच मान वळवली. साहेबांचीही मान वळली. दोघांच्या नजरा एकदमच कपबशांवर येऊन थांबल्या, आणि कपबशा किणकिणू लागल्या.

"तात्या, बाटली कुठून भरता?" बाईंनी विचारलं.

"खोटं नाही बोलणार, ताई. पहिल्या महिन्यात नाल्यावरच गेलो होतो. गुडघाभर चिखल. चपला गेल्या त्या गेल्याच. शिवाय वास असा, की तुम्ही तेव्हा पोटुशी, तुम्हाला बाटलीजवळ उभं राहवेना. म्हटलं, कशाला लेकराला त्रास? दुसऱ्या महिन्यापासून इथनंच भरतो."

"इथनं म्हणजे?"

तात्यांनी हनुवटीने दाखवलं. केबिनच्या कोपऱ्यात साहेबांचा पिण्याच्या पाण्याचा जार होता. कारखान्याच्याच बोअरवेलचं, गाळलेलं पाणी.

अहवालातलं वाक्य शब्दशः खरं होतं. पाणी पिण्याचंच होतं.

साहेबांनी टेबलावरच्या अर्ध्या ग्लासाकडे पाहिलं. तालमीत घसा कोरडा पडतो म्हणून वरचा अर्धा त्यांनी आत्ताच संपवला होता. मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बोअरवेल. तिच्यापासून पंधरा पावलांवर नाला.

"म्हणजे नापास झालं ते..."

"तुमचं पिण्याचं पाणी," बाई म्हणाल्या. "नाल्याचं काय असेल, ते मला माहीत नाही, सर. नाल्याचं पाणी मी आयुष्यात एकदाच तपासलंय."

नाल्याच्या खालच्या अंगाला बाईंची आत्या राहायची. दोन वर्षं हात खाजतात, कातडी सोलवटते म्हणून सांगत होती. दर वेळी बाई म्हणायच्या, "पाण्यात काही नाही गं आत्या, मी स्वतः तपासते." आत्या हसून म्हणायची, "भाचीनंच तपासलंय म्हटल्यावर काय!" आणि पुन्हा त्याच पाण्यात हात घालायची.

"हे बघा," साहेब खालच्या पट्टीत म्हणाले, "उद्याचा दिवस निघू दे. आज जुनाच आकडा लिहा. परवा बघू."

बाईंनी टेबलावरचा ग्लास उचलला आणि शांतपणे त्यांच्यापुढे धरला.

"लिहिते. तुम्ही एवढं संपवा."

साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं. ग्लासही त्यांच्याकडे बघत असावा. साहेबांनी तो एका बोटाने हळूच दूर सारला.

"यंत्र चालू करायला सांगा," शेवटी साहेब म्हणाले. "पुरस्कारवाल्यांना मी कळवतो. खालच्या वस्तीला पण कळवा, नाल्याच्या बाजूचं पाणी कुणी वापरू नका म्हणावं." मग ते उठले, भाषणाचा कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि हात पुन्हा तसाच उंचावला. "आणि तात्या, खरा नमुना आणा! आत्ता, या क्षणी! नाल्याच्या तोंडातून!"

तात्या जागचे हलले नाहीत. त्यांनी कपबशा खाली ठेवल्या आणि घसा खाकरला.

"आणतो की साहेब. नऊ वर्षांपूर्वी एक अर्ज दिला होता, तो तेवढा मंजूर करा. गमबूट. आठ नंबर."