बकरीचे ठिपके

चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरसमोर मी सव्वीस वर्षांपासून एकच रांगोळी काढून राहिली. पंधरा ठिपके, पंधरा ओळी, सासूबाईंनी शिकवली तशीच. एक रेघ इकडची तिकडे झाली का नवरा म्हणे, "पूस अन् पुन्हा काढ." त्या ठिपक्यांत मीच कोंडली होती.

काल शेजारच्या यामिनीची बकरी ओल्या सड्यावरून नाचत गेली. मले असा राग आला का झाडूच फेकला. मग मी तिच्या खुरांचे ठसे जोडत गेली, अन् कधी न पाहिलेलं झाड निघालं.

नवरा ड्यूटीवरून आला. "हे काय? पूस."

मी पुसलं.

आज सडा टाकला, पण ठिपके घातलेच नाहीत. दारात मेथीचे देठ ठेवले अन् बकरीची वाट पाहून राहिली.